न जळणारे इंधन

गेली अठरा वर्षे मी बी.एस्सी.च्या वर्गाला क्रेब्ज चक्र शिकवतो. मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीची चूल, असे सांगायचे, सायट्रेटपासून पुढचा बाण काढायचा, की तास संपला. या चक्राला शरीरातच एक अपवाद आहे, हे मला अण्णांच्या आजारपणात कळले.

अण्णा, म्हणजे माझे वडील, रात्री चार-पाच वेळा लघवीला उठत. "वयाचंच आहे," म्हणून वर्षभर कुणाला बोलले नाहीत, आईलाही नाही. शेवटी तपासणीत प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग निघाला. "साखरेचे पेट स्कॅन करू या का?" मी डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, "सर, सुरुवातीच्या अवस्थेत त्याचा इथे फारसा उपयोग होत नाही."

घरी येऊन वाचायला बसलो. कर्करोगाच्या पेशी साखर अर्धवट वापरतात, म्हणून ती भरमसाट ओढतात, हे जर्मन शास्त्रज्ञ ओटो वॉरबर्ग यांनी १९२० च्या दशकात दाखवले. स्कॅन हीच ओढ टिपते. प्रोस्टेटची तऱ्हा निराळी. तिथली निरोगी पेशी भरपूर जस्त साठवते. ते जस्त मायटोकॉन्ड्रियातल्या ॲकोनिटेज या विकराला अडवते, चक्र सायट्रेटपाशीच थांबते आणि हे न जळलेले सायट्रेट ग्रंथीच्या स्रावात सोडले जाते. कर्करोगात जस्त आत घेणारे वाहक कमी होतात, जस्त ओसरते, अडसर निघतो आणि पेशी सायट्रेट स्वतःच जाळू लागते. म्हणजे इथे चूल विझत नाही, उलट पेटते! अमेरिकेतील मेरिलँड विद्यापीठाच्या कोस्टेलो आणि फ्रँकलिन यांनी यावर अनेक वर्षे काम केले. रोग बराच पुढे गेला, की साखरेची ओढही वाढते. आता पीएसएमए हे प्रथिन शोधणारे स्कॅन वापरतात. अण्णांचेही तेच झाले.

मध्यंतरी एका पाहुण्यांनी जस्ताच्या गोळ्या आणून दिल्या. जस्त कमी झाले तर जस्त खावे, हे ऐकायला पटते. पण पेशीचे दारच बंद असेल, तर गोळीचा काय उपयोग? शिवाय जादा जस्त अपायकारकच. गोळ्या मी तशाच परत केल्या.

अण्णांचे उपचार चालू आहेत. रात्री वारंवार उठावे लागणे हे अनेकदा ग्रंथीच्या साध्या वाढीमुळेही असते. पण ते डॉक्टरांनी ठरवायचे, आपण नव्हे. आता वर्गात सायट्रेटपाशी आलो, की मी खडू खाली ठेवतो आणि मुलांना सांगतो, "आज घरी गेल्यावर वडिलांना विचारा, रात्री झोप नीट लागते ना?"