न दिसणारी तार

मोबाइलच्या पडद्यावर बोट टेकवा, तो लगेच दाद देतो. तिथेच नुसते नख टेकवून पाहा, फोन ढिम्म! याचे कारण आहे काचेवरचा एक लेप, जो आरपार दिसतो आणि वीजही वाहून नेतो.

हे दोन गुण सहसा एकत्र नांदत नाहीत. तांब्यातून वीज वाहते ती मोकळ्या इलेक्ट्रॉनांमुळे. पण त्यांची गर्दी प्रकाशालाही अडवते. काचेतले इलेक्ट्रॉन जखडलेले असतात, म्हणून ती पारदर्शक, पण विजेला बंद.

१९०७ साली कार्ल बेडेकर या जर्मन शास्त्रज्ञाने कॅडमियमचा पातळ थर हवेत तापवला. त्याचे ऑक्साइड होऊन थर पारदर्शक झाला, तरी वीज वाहतच राहिली. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विमानांच्या काचांवर टिन ऑक्साइडचा लेप आला. त्यातून वीज सोडली की काच तापे आणि बर्फ साचत नसे.

आजच्या पडद्यांवर प्रामुख्याने इंडियम टिन ऑक्साइड असते. त्यातले मोकळे इलेक्ट्रॉन विजेला पुरतात, पण दिसणारा प्रकाश अडवण्याइतके दाट नसतात. बोट टेकले की लेपाच्या जाळीतला विद्युतभार किंचित बदलतो आणि फोनला नेमकी जागा कळते.

इंडियम १८६३ मध्ये जर्मनीतल्या फ्रायबर्गला सापडले. संशोधक राइश रंगांध होते. त्यामुळे वर्णपटातली निळीच्या रंगाची रेघ पाहिली ती त्यांचे सहकारी रिश्टर यांनी. निळीचे लॅटिन नाव ‘इंडिकम’, म्हणजे भारताची. त्यावरूनच या धातूचे बारसे झाले.

अडचण अशी, की इंडियमच्या स्वतंत्र खाणी जवळपास नाहीतच. ते मुख्यतः जस्त काढताना हाती लागते. त्यामुळे मागणी वाढली म्हणून उत्पादन तितके वाढवता येत नाही. सर्वांत मोठा उत्पादक चीन. त्याने फेब्रुवारी २०२५ मध्ये निर्यातीवर नियंत्रणे आणली. फ्लोरिनमिश्रित टिन ऑक्साइड, चांदीच्या अतिसूक्ष्म तारा असे पर्याय आहेत. पण प्रत्येकाची काही ना काही उणीव आहेच.

एका फोनमध्ये इंडियम इतके थोडे असते की ते परत मिळवणे सहसा परवडत नाही. म्हणून नवा फोन घेण्याआधी एकच विचार करावा : जुना आणखी वर्षभर चालेल का? चालत असेल, तर सर्वांत सोपी बचत तीच.