पंख इथे नवे होतात

दिवाळी सरली की अप्पर वर्धा धरणाच्या पाण्यावर सूर्य कलताना थांबून पाहावे. भोयांचा डोंगा चालतो, कयाक मिळाली तर फारच चांगले. तिच्यात माणूस जवळपास पाण्याच्या पातळीला बसतो. मग काठावरून काळे ठिपके वाटणाऱ्या माळभिंगऱ्या नाकासमोरून सपकन जातात. निळी-काळी पाठ, तांबूस गळा, दुभंगलेली शेपटी. उडता उडताच चोच टेकवून पाणी पितात.

जेमतेम 20 ग्रॅमचा हा पक्षी हिमालयातून आणि त्याच्याही पलीकडून येतो. दिवसभर कपाशी-तुरीवरचे किडे टिपत थवे विखुरलेले असतात, सांजेला एकत्र जमतात. एकट्या भिंगरीला ससाणा सहज हेरतो, गर्दीत त्याचा नेम चुकतो. पाण्यात उभ्या पाणकणसात मांजर-मुंगूसही सहसा पोचत नाही. म्हणून अंधार पडता पडता थवा त्यात उतरतो.

हे उतरणे पाहूनच युरोपात भिंगऱ्या हिवाळाभर पाण्याखाली झोपतात, अशी समजूत रुजली असावी. स्वीडनच्या ओलाउस माग्नुस यांनी तर 1555 च्या ग्रंथात कोळ्यांच्या जाळ्यात भिंगऱ्या निघतात, असे लिहून ठेवले. खरा मुक्काम कळायला 1912 उजाडले. आदल्या वर्षी इंग्लंडमध्ये पायात कडी घातलेली भिंगरी त्या डिसेंबरात दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतात सापडली.

पण माझ्या मते सर्वांत मोलाची गोष्ट डोंग्यातूनच दिसते. जवळून गेलेल्या एखादीच्या पंखात फट असते. भिंगरी उडण्याची पिसे हिवाळी मुक्कामातच बदलते. उडणे थांबवले तर उपाशी मरेल, म्हणून चालत्या बैलगाडीचे आरे एकेक बदलावेत तशी ती जुनी पिसे गाळते आणि नवी उगवू देते. हे काम महिनोन्‌महिने चालते. मार्च-एप्रिलात परतताना तिच्या अंगावर जे पंख असतात, ते वऱ्हाडातल्या किड्यांवर पोसलेले असतात.

म्हणून तलावांच्या सुशोभीकरणात त्यांचे पाणकणीस जाईल, याची धास्ती वाटते. अमरावतीचा वडाळी असो की अकोल्याचा कापशी, गाळ जरूर काढावा, जलपर्णी उपटावी. पण पाणकणसाचा एक तरी पट्टा राखावा, आणि त्याला हात लावायचाच झाला तर भिंगऱ्या गेल्यावर, मे महिन्यात लावावा.