चाचणी ‘९० टक्के अचूक’, पण कुणावर?

तपासणीचा रिपोर्ट हाती आला, की घरातील सर्वांचे डोळे एकाच शब्दावर खिळतात – पॉझिटिव्ह की निगेटिव्ह? त्या एका शब्दावर महिनोन्महिने औषधे घेतली जातात, ठरलेली लग्नेही मोडतात. पण मुळात ती चाचणी किती विश्वासार्ह, हे सहसा कुणी विचारत नाही.

आपल्या देशाने याची मोठी किंमत मोजली आहे. टी.बी. ओळखण्यासाठी रक्तातील प्रतिपिंडे पाहणाऱ्या चाचण्या खासगी प्रयोगशाळांत वर्षानुवर्षे सर्रास होत. जागतिक आरोग्य संघटनेने त्यांच्यावरील अभ्यास तपासले, तेव्हा बहुतेक कमी दर्जाचे निघाले. निष्कर्षही एकमेकांशी जुळेनात. निरोग्याला रोगी आणि रोग्याला निरोगी ठरवणाऱ्या या चाचण्या वापरू नयेत, असे संघटनेने जुलै २०११ मध्ये बजावले. जून २०१२ मध्ये भारत सरकारने त्यांच्या आयात, निर्मिती, विक्री व वापरावर बंदी घातली.

अभ्यास कुठे फसतो?

समजा, एखाद्या चाचणीच्या माहितीपत्रकात ‘९० टक्के अचूक’ असे छापले आहे. पण ती कुणावर करून पाहिली? एकीकडे रोग बळावलेले रुग्ण आणि दुसरीकडे धडधाकट तरुण घेतले, तर साधारण चाचणीही उत्तम ठरते. खरी कसोटी दवाखान्यात लागते. तिथे खोकणारा प्रत्येक जण टी.बी.चा नसतो. निकाल कोणत्या खात्रीच्या तपासणीशी ताडला, तो वाचणाऱ्याला रुग्णाचे निदान आधीच ठाऊक होते का, किती जणांना मधूनच वगळले, हे लिहिलेच नसेल तर त्या आकड्यावर विसंबायचे कसे?

म्हणूनच २००३ साली अनेक वैद्यकीय नियतकालिकांनी ‘स्टार्ड’ ही २५ मुद्द्यांची यादी प्रसिद्ध केली. २०१५ मध्ये ती ३० मुद्द्यांची झाली. अशा अभ्यासात काय काय उघड सांगायचे, ते त्यात दिले आहे. यादीने चाचणी सुधारत नाही, पण झाकली मूठ उघडावी लागते.

आपण काय विचाराल?

डॉक्टरांना निःसंकोच विचारा : ही चाचणी कशासाठी? पॉझिटिव्ह आली तर खात्री कशी करायची? निगेटिव्ह येऊनही त्रास थांबला नाही तर पुढे काय? फुप्फुसाच्या टी.बी.ची शंका असल्यास थुंकीची तपासणी जरूर करून घ्या. सरकारी केंद्रात ती मोफत होते. रिपोर्टवरील एका शब्दाने घाबरून जाऊ नका आणि निर्धास्तही होऊ नका.