शिकता शिकता पहिलं आयटी कन्सल्टिंगचं काम : आधी काय ठरवाल?

बीसीए, बीएस्सी आयटी किंवा इंजिनिअरिंग करणारे बरेच विद्यार्थी विचारतात, "सर, ओळखीतून एक काम आलंय, घेऊ का?" जरूर घ्या. पण कोडिंग येणं वेगळं आणि कन्सल्टिंग करणं वेगळं. हा फरक पहिल्याच कामात कळला तर पुढे स्वतःचा व्यवसाय उभा करताना खूप उपयोगी पडतो. आज तेच नीट समजून घेऊ.

१. मागणी आणि अडचण वेगळी असते

समजा, एका हार्डवेअर दुकानाचे मालक म्हणाले, "आम्हाला स्टॉकचं सॉफ्टवेअर करून दे." विद्यार्थी घरी जातो आणि त्याच रात्री कोड लिहायला बसतो. थांबा! आधी दोन दिवस दुकानात बसा आणि विचारा: "काका, स्टॉक कुठे चुकतो? माल आल्यावर नोंद कोण करतं? विकल्यावर कोण करतं?"

तेव्हा कळतं की स्क्रू खोक्याने येतात आणि नगाने विकले जातात. वायर बंडलने येते आणि मीटरने विकली जाते. नोंद मात्र एकाच मापात होते, म्हणून महिन्याअखेर हिशेब जुळत नाही. दुकानात टॅली आधीच असेल तर त्यात एका वस्तूला दोन मापं लावायची सोय आहे. म्हणजे नवीन सॉफ्टवेअर नकोच! मापं लावून द्यायची, जुना स्टॉक मोजून भरायचा आणि काउंटरवरच्या मुलाला शिकवायचं. मालकाचा खर्च वाचला, तुमचे दोन महिने वाचले. सल्ल्याचे पैसे घ्यायला लाजू नका, कारण अडचण तुम्हीच शोधलीत.

२. एका पानावर काम लिहून घ्या

त्या पानावर चार गोष्टी हव्यात: काय करणार, काय करणार नाही, कधी देणार आणि किती पैसे. यातली "काय करणार नाही" ही ओळ सगळ्यात महत्त्वाची.

गणित बघा. १५,००० रुपयांत ६० तासांचं काम ठरलं, म्हणजे तासाला २५० रुपये. मग मालक म्हणतात, "जाता जाता उधारीची वही पण टाक ना," "व्हॉट्सॲपवर बिल जाईल असं कर." ओळखीचे आहेत म्हणून तुम्ही हो म्हणता. काम १२० तासांवर जातं आणि तासाचे राहतात १२५ रुपये. वर परीक्षा तोंडावर! नाही म्हणायची गरज नाही, फक्त एवढं म्हणा: "काका, नक्की करू. हे त्या पानात नाही, त्याचा वेगळा अंदाज देतो."

३. पैसे टप्प्याटप्प्याने घ्या

सुरुवातीला ६,०००, अर्धं काम दाखवल्यावर ६,००० आणि शेवटी ३,०००. म्हणजे दोघांचीही जोखीम कमी. ॲडव्हान्स मागितल्याने संबंध बिघडत नाहीत, शेवटी सगळं एकदम मागितल्यावर बिघडतात.

४. कागदपत्रं साधी, पण हवीतच

- जीएसटी : महाराष्ट्रात फक्त सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सहसा नोंदणी लागत नाही. नोंदणी नसेल तर बिलात जीएसटी लावायचा नाही.
- उद्यम नोंदणी : सरकारी पोर्टलवर ती मोफत होते, एजंटला पैसे देऊ नका. २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे ग्राहकाने जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात.
- टीडीएस : कंपनीचं काम केलंत तर बिलातून टीडीएस कापला जाऊ शकतो. ते पैसे बुडत नाहीत. कर लागत नसेल तर रिटर्न भरून परत मिळतात. म्हणून पॅन बरोबर द्या.
- कोडची मालकी : भारतात कॉम्प्युटर प्रोग्रामला १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं संरक्षण आहे. तुम्ही पगारी नोकर नसाल आणि लेखी काही ठरलं नसेल, तर कोडचा पहिला हक्क सहसा लिहिणाऱ्याचा असतो. वाद नको म्हणून हेही त्याच पानावर लिहा.

५. दुसऱ्याचा डेटा म्हणजे दुसऱ्याची तिजोरी

कामाला हात लावण्याआधी बॅकअप घ्या आणि तो उघडून बघा. मालकाचा पासवर्ड न घेता स्वतःसाठी वेगळं लॉगिन मागा, काम संपलं की ते बंद करायला सांगा. ग्राहकांची यादी, उधारीचे आकडे मित्रांना दाखवायचे नाहीत. गावात एवढी एक गोष्ट पसरली की दुसरं काम मिळणं अवघड.

६. तुमच्याशिवाय चाललं तरच काम पूर्ण

दोन पानांची सूचना मराठीत लिहून द्या आणि आठवडाभर काउंटरवरच्या मुलालाच नोंदी करू द्या. तुम्ही फक्त बघा. फुकट मदत किती दिवस, तेही सांगून ठेवा, उदाहरणार्थ ३० दिवस. त्यानंतर महिन्याचे ठरावीक पैसे घेऊन देखभाल करता येते. छोट्या आयटी व्यवसायाला दर महिन्याची खात्रीची कमाई इथूनच सुरू होते.

काम संपल्यावर वहीत तीन आकडे लिहा: ठरवलेले तास, लागलेले तास आणि हातात आलेले पैसे. पुढच्या ग्राहकाला भाव सांगताना हेच आकडे कामाला येतील. तर मित्रांनो, या आठवड्यात एकच करा: ओळखीच्या एका दुकानात जा, काहीही विकू नका, फक्त विचारा, "काका, हिशेब कुठे अडतो?"