उकव्यात जमीन घेताना

मँगनीजच्या खाणीमुळे नावारूपाला आलेल्या मध्यप्रदेशातील उकव्यात भूखंड विकू पाहणारा गृहस्थ खसरा-खतौनी (जमिनीचे महसुली अभिलेख) दाखविण्यास टाळाटाळ करून केवळ नोटरीच्या कागदावर बयाण्याची रक्कम मागू लागला, तर तेथेच थांबावे; कारण मुखत्यारपत्राने वा निव्वळ करारनाम्याने मालकी हस्तांतरित होत नाही, असा स्पष्ट निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये दिला आहे. धोक्याचे त्याहून गंभीर लक्षण म्हणजे आदिवासी भूमिस्वामीची जमीन दुसऱ्या आदिवासीच्या नावे घेऊन स्वतः उपभोगण्याचा सल्ला! मध्यप्रदेश भू-राजस्व संहिता, १९५९ च्या कलम १६५(६) ने अशा जमिनीचे गैरआदिवासीकडे जाणे कठोरपणे नियंत्रित केले असून, अशा बेनामी व्यवहारात मूळ कुटुंबाचीच उपजीविका हिरावली जाते, याचे मला अतिशय दुःख वाटते. म्हणून व्यवहारापूर्वी खसऱ्याची नक्कल तहसिलीतून स्वतः काढावी.