जोड का जमत नाही?

माळेगावच्या जत्रेत जोड कशी ठरते हे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. पहिलवान लांग कसून फडात फिरतो, पंच त्याच्या तोडीचा दुसरा हेरतात, दोघांचे हात एकमेकांच्या हातात देतात, आणि हलगी कडाडते. पाच मिनिटांचे काम. मग जे सगळ्यांत मोठे, त्यांचीच जोड वर्षानुवर्षे का अडते?

एक कारण उघड आहे. लहान पहिलवान हरला तर पुढच्या जत्रेत पुन्हा उतरतो. मोठ्याचे तसे नाही. त्याचा खुराक, त्याची बिदागी, सारे नावावर चालते. म्हणून वस्ताद त्याला जपून ठेवतो आणि इनाम वाढेपर्यंत थांबतो. त्यात कधी वय निघून जाते. गामा आणि पोलंडचा झिबिस्को १९१० साली लंडनला लढले, कुस्ती निकाली झाली नाही. पुन्हा गाठ पडली ती १९२८ साली, पतियाळाला! तेव्हा गामाने मिनिटभराच्या आत त्याला चीत केले.

दुसरे कारण अधिक घोटाळ्याचे. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ साली लातूरच्याच अधिवेशनात महाराष्ट्र केसरी झाले. तेव्हा किताबाची गदा एकच होती. ज्याला ती हवी, त्याने त्याच फडात उतरायचे. पुढे संघटनेत फूट पडली. २०२३ च्या नोव्हेंबरात पुण्याजवळ फुलगावला सिकंदर शेख महाराष्ट्र केसरी झाला. त्याच्याशी अंतिम कुस्ती हरलेला शिवराज राक्षे त्याच महिन्यात धाराशिवला, दुसऱ्या संघटनेच्या फडात, महाराष्ट्र केसरी झाला. २०२५ मध्येही तेच: अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ, कर्जतला वेताळ शेळके. आता वर्गातल्या पोराने विचारले, “गुरुजी, खरा कोणता?” तर गुरुजींनी काय सांगावे? दोघांची कुस्ती लावावी म्हटले तर कोणत्या संघटनेच्या पंचांनी लावायची, इथेच गाडे रुतते. आणि खरे सांगायचे तर दोन गदा असल्या की दोन्हीकडच्या पुढाऱ्यांची सोय होते. अडचण होते ती पहिलवानाची.

परदेशातल्या मुष्टियुद्धात हेच दुखणे, फक्त पैसा अफाट. तिथे पट्टे देणाऱ्या संस्था चार. प्रत्येकीचा आव्हानवीर ठरलेला, प्रत्येक मल्लाचा ठेकेदार निराळा, दूरचित्रवाणीचे करार निराळे. १९९९ साली लेनॉक्स लुईस वजनदार गटाचा निर्विवाद विजेता झाला. त्यानंतर तसा दुसरा व्हायला २०२४ उजाडले. टायसन फ्युरी आणि युक्रेनचा उसिक यांची लढत त्या वर्षी १७ फेब्रुवारीला ठरली होती, पण सरावात फ्युरीच्या डोळ्यावर जखम झाली आणि तारीख १८ मेवर गेली. रियाधला उसिक जिंकला, चारही पट्टे एका कमरेला आले.

पण फ्युरीशी परतीच्या लढतीचा करार आधीच झालेला, आणि एका संस्थेचा आव्हानवीर दारात उभा. दोन्ही एकदम होणे नाही. पुढच्याच महिन्यात उसिकने त्या संस्थेचा पट्टा सोडून दिला.