भांडायला शेजारी हवा

गझल लिहिणाऱ्याला एक पात्र वारशाने मिळते. त्याचे नाव रकीब, म्हणजे प्रेमातला प्रतिस्पर्धी. शायर जन्मभर त्याच्या नावाने बोटे मोडतो. पण तो रकीबच उठून निघून गेला, तर निम्म्या गझला उघड्या पडतील. कागदावरची ही गोष्ट मला ठाऊक होती. ती मैदानावरही तितकीच खरी असते, हे माझ्या भाचीने मला शिकवले. ती अमेरिकेत शिकायला गेली आणि तिथल्या कॉलेज फुटबॉलची भक्त होऊन बसली.

फुटबॉल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे गोल चेंडू येतो. हा खेळ तो नव्हे. अमेरिकन फुटबॉलचा चेंडू दोन्ही टोकांना निमुळता असतो आणि तो बहुतेक वेळ पायात नसून हातात असतो. डोक्याला हेल्मेट, खांद्यांना जाड पॅड बांधलेले अकरा-अकरा खेळाडू समोरासमोर उभे राहतात. चेंडू ज्यांच्याकडे असेल, त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे असते. जमले तर आणखी चार प्रयत्न, नाही जमले तर चेंडू दुसऱ्यांकडे. असे सरकत शेवटची रेषा ओलांडली की सहा गुण. कबड्डी पाहिलेल्या माणसाला त्यातली झटापट समजायला वेळ लागत नाही.

दोन विद्यापीठांमधला पहिला सामना ६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू जर्सीत झाला. रटगर्सने प्रिन्स्टनला ६-४ असे हरवले. तेव्हाचा खेळ आजच्यापेक्षा फार वेगळा होता, पण वेड तिथून सुरू झाले. आता एकट्या मिशिगन विद्यापीठाच्या मैदानात एक लाख सात हजारांवर प्रेक्षक बसतात.

देशभर शेकडो विद्यापीठे. सगळी एकमेकांशी खेळणार कशी? म्हणून जवळपासच्या विद्यापीठांनी आपापले गट केले. त्यांना कॉन्फरन्स म्हणतात. मी त्याला आपला शब्द योजतो, भावकी. एकमेकांच्या बांधावर भांडायचे आणि वर्षातून एकदा तरी एका पंगतीला बसायचे. नियमित हंगामात एका संघाचे जेमतेम बारा सामने होतात, त्यातले बहुतेक भावकीशीच. त्यामुळे एक पराभव वर्षभर सलतो.

माझ्या भाचीचा संघ ओरेगन स्टेट. हे विद्यापीठ पश्चिम किनाऱ्यावरच्या ओरेगन राज्यात, कॉर्व्हालिस नावाच्या छोट्या शहरात आहे. पूर्वीचे हे शेतकी कॉलेज. रंग नारिंगी-काळा, बोधचिन्ह बीव्हर, म्हणजे दाताने झाडे पाडून ओढ्यावर बांध घालणारा प्राणी. तिथून आपल्या एसटीनेही दीड तासात पोचावे इतक्या अंतरावर यूजीन शहर आणि तिथे ओरेगन विद्यापीठ. रंग हिरवा-पिवळा, बोधचिन्ह बदक. हे दोन संघ १८९४ पासून एकमेकांशी भांडत आले आहेत. या सामन्याला पूर्वी 'सिव्हिल वॉर', म्हणजे यादवी म्हणत. गुलामगिरीवरून झालेल्या युद्धाची आठवण खेळाला नको, म्हणून दोन्ही विद्यापीठांनी २०२० मध्ये ते नाव सोडले. भांडण मात्र सोडले नाही.

भाचीच्या नजरेने भावकी पाहिली की मजा येते. यूजीनची बदके म्हणजे श्रीमंत चुलत घराणे. नायके कंपनीचे सहसंस्थापक फिल नाइट त्याच विद्यापीठाचे माजी विद्यार्थी. त्यांनी तिथल्या खेळांना अफाट देणग्या दिल्या. "मामू, त्यांचा दर सामन्याला नवा पोशाख!" हे ती असे सांगते, जणू लग्नात कुणी तिचीच साडी नेसून आली. सिएटलचे वॉशिंग्टन म्हणजे शहरी तोरा. लॉस एंजेलिसचे सदर्न कॅलिफोर्निया म्हणजे सिनेमाच्या गावचा रुबाब. स्टॅनफर्ड म्हणजे हुशार मुलांचा वर्ग, त्यांच्याकडून हरलो की दुहेरी अपमान. आणि गव्हाच्या शेतांमधल्या पुलमन गावचे वॉशिंग्टन स्टेट? तेही मूळचे शेतकी कॉलेज. त्यांच्याविषयी बोलताना तिचा आवाज मऊ होतो.

तिच्या संघाचे दुःखही साधे नव्हते. १९७१ ते १९९८ अशी सलग अठ्ठावीस वर्षे ओरेगन स्टेटने प्रत्येक हंगामात विजयांपेक्षा पराभवच जास्त पाहिले. १९८३ मध्ये तर या दोन शेजाऱ्यांचा सामना पावसात ०-० असा सुटला. चिखलात चेंडू कुणाच्या हाती टिकेना. दोन्हीकडचे लोक आजही त्या सामन्यावर हसतात. एकाच फजितीवर दोन वैरी एकत्र हसतात, तेव्हा ते वैर राहत नाही, नाते होते.

२६ नोव्हेंबर २०२२ ला मी तिच्याबरोबर कॉर्व्हालिसच्या मैदानात होतो. स्टेडियमची एक बाजू नव्याने बांधण्यासाठी पाडलेली. बदके ३१-१० अशी पुढे. मी हळूच म्हणालो, "निघूया का, बेटा?" तिने माझ्याकडे असे पाहिले की मी गप्प बसलो. मग तिच्या संघाने चेंडू छातीशी धरून नुसते रेटायला सुरुवात केली. सामना संपला तेव्हा फलक ३८-३४ दाखवत होता, त्यांच्या बाजूने. लोक मैदानात उतरले. भाची रडत होती. शेजारच्या एका अनोळखी आजोबांनी मला मिठी मारली.

त्याच वर्षी भावकी फुटायला लागली होती. तिची मुळे १९१५ पर्यंत जातात आणि पहिल्या चौघांत ओरेगन व ओरेगन स्टेट दोघेही होते. पुढे ती बारा जणांची झाली आणि तिला पॅक-ट्वेल्व्ह म्हणू लागले. मोडली ती टीव्हीच्या पैशाने. १९८४ पर्यंत कोणते सामने दाखवायचे हे एनसीएए ही मध्यवर्ती संस्था ठरवत असे. त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ती मक्तेदारी मोडली आणि भावक्या आपापले सौदे करू लागल्या. २०२२ मध्ये बिग टेन या गटाने सात वर्षांसाठी सुमारे सात अब्ज डॉलरचा करार केला. त्या आधीच जूनअखेर लॉस एंजेलिसची दोन्ही विद्यापीठे तिकडे जायला निघाली होती. ४ ऑगस्ट २०२३ या एका दिवसात पाच संघांनी घर सोडले. त्यांत यूजीनची बदकेही होती. महिनाभरात स्टॅनफर्ड आणि बर्कलीचे कॅलिफोर्निया विद्यापीठही गेले.

भाचीचा फोन आला. "मामू, सगळे गेले. आम्ही दोघेच उरलो." दोघे म्हणजे ओरेगन स्टेट आणि पुलमनचे वॉशिंग्टन स्टेट. दोन शेतकी कॉलेजे.

आता गंमत पाहा. पॅसिफिकच्या काठावरचे स्टॅनफर्ड 'अटलांटिक कोस्ट' कॉन्फरन्समध्ये खेळते. रत्नागिरीच्या संघाने बंगालच्या उपसागराच्या मंडळात नाव घालावे तसे. बिग टेनमध्ये दहा नव्हे, अठरा संघ झाले. यूजीनच्या बदकांचा भाऊबंद आता सुमारे चार हजार किलोमीटरवरचा रटगर्स.

गेलेल्यांना मी खलनायक ठरवणार नाही. फुटबॉलच्या उत्पन्नावर विद्यापीठाचे पोहणे, धावणे, मुलींचे संघ असे बरेच काही चालते. इतर पुढे जात असताना मागे राहणे कुणाला परवडते? पण प्रत्येकाने आपापला शहाणा निर्णय घेतला आणि सर्वांचे मिळून जे होते ते गेले. अंगण विकून पैसे येतात, भांडायला शेजारी येत नाही.

उरलेले दोघे हातपाय गाळून बसले नाहीत. मागे राहिलेल्या संस्थेचा कारभार आपल्याकडे राहावा म्हणून ते कोर्टात गेले आणि जिंकले. २०२४ मध्ये त्यांनी चार नवे संघ २०२६ पासून येण्यासाठी मिळवले, पुढे आणखीही. त्याच २०२४ च्या नोव्हेंबरात कॉर्व्हालिसला ओरेगन स्टेटने वॉशिंग्टन स्टेटला ४१-३८ असे हरवले. २०२५ मध्ये हे दोघे एकाच हंगामात दोनदा खेळले, एकदा याच्या गावी, एकदा त्याच्या. दोघांच्याच भावकीत दुसरे होते कोण?

बदकांशीही सामने झाले. २०२४ मध्ये ती ४९-१४ आणि २०२५ मध्ये ४१-७ अशी जिंकली. मी भाचीला विचारले, "फार राग आला असेल ना?" ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मामू, राग आला असता तर बरे वाटले असते. ते आता पाहुण्यासारखे खेळतात."

मला माझा रकीब आठवला. त्याला शिव्या घालायच्या असतात हे खरे. पण तो रोज त्याच गल्लीत दिसला पाहिजे.